झाडे ओळखता येतात, पण सांभाळता येत नाहीत : वृक्षसंगोपनावर कोणती पुस्तके वाचावीत?

मोगरा, ठाणे

सप्रेम नमस्कार.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात लहानमोठी ४४ झाडे आहेत. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर आणि कुंपणालगतचा हिरवा अशोक ही इमारती उभ्या राहिल्या तेव्हा लावलेली; एक आंबा आणि दोन वावळ मात्र त्याआधीपासूनचे, इथे शेती होती तेव्हाचे आहेत. गेल्या वर्षी बागेची जबाबदारी माझ्याकडे आली आणि तेव्हापासून माझे अज्ञान मला रोज जाणवते आहे.

झाडांची आवड मला पुस्तकांमुळेच लागली. डॉ. शरदिनी डहाणूकर यांचे ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ मी पुन्हा पुन्हा वाचले आहे आणि त्यांच्यामुळे रस्त्यातले निम्मे वृक्ष मला नावाने हाक मारण्याइतके ओळखीचे झाले. परंतु एखाद्या झाडाची फांदी कुठे कापावी, कधी कापावी, कापूच नये का, खोडात ढोली झाली तर ते झाड धोक्याचे समजावे का, या प्रश्नांपुढे ती ओळख अपुरी पडते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदाराच्या माणसांनी प्रवेशद्वाराजवळच्या पर्जन्यवृक्षाची मांडीएवढी जाड फांदी खोडाला अगदी चिकटून, रंधा मारल्यासारखी सपाट कापली आणि वर डांबर फासले. ते काम तेव्हा आम्हा सर्वांना नीटनेटके वाटले होते. या पावसाळ्यात नेमक्या त्याच जागी कडक, तपकिरी, अर्धवर्तुळाकार बुरशी उगवली आहे आणि डांबराचा पापुद्रा सुटला आहे तिथे बोट रुतेल इतके लाकूड मऊ झाले आहे. समितीतील काही सदस्य झाड काढून टाका म्हणतात, काही जण पोकळीत सिमेंट भरा म्हणतात, आणि दोघांनाही देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नाही, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून जाणकारांना विनंती आहे, की वृक्षांची रचना, छाटणी आणि आजार यांविषयी सामान्य वाचकाला समजतील अशी पुस्तके कृपया सुचवावीत. मराठीत असल्यास उत्तमच. इंग्रजी पुस्तके थंड प्रदेशातील झाडांवर बेतलेली असतात असे ऐकते. ती आपल्याकडे कितपत लागू पडतात, हेही सांगावे.

शेवरी, सातारा

मोगराताई, मी ३१ वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. छाटणीविषयी माझ्याहून अधिकाराने सांगणारे इथे आहेत, त्यामुळे मी ओळखीच्या पुस्तकांपुरतेच लिहितो. अर्थात ओळख आणि संगोपन या दोन वेगळ्या वाटा आहेत असे मला वाटत नाही. जखम झाल्यावर कूज थोपवून धरण्याची ताकद प्रत्येक जातीत निराळी असते, त्यामुळे झाड नेमके कोणते हे ठाऊक नसेल तर पुढचा सल्ला चुकण्याचीच शक्यता अधिक.

मराठीत सुरुवात प्रा. श्री. द. महाजन यांच्या ‘देशी वृक्ष’ आणि ‘विदेशी वृक्ष’ या पुस्तकांपासून करावी, आणि दोन्ही जवळ ठेवावीत. आपल्या आवारातील पर्जन्यवृक्ष मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातला आणि गुलमोहर मादागास्करचा, तर आंबा आणि वावळ इथलेच. ही विभागणी एकदा मनात पक्की झाली, की कोणत्या झाडाला इथला पाऊस आणि वारा पिढ्यान्‌पिढ्या सवयीचा आहे आणि कोणते पाहुणे म्हणून आले आहे, याचा विचार आपोआप सुरू होतो. यांच्या जोडीला मराठी विश्वकोशातील वृक्षांवरच्या नोंदी वाचाव्यात. त्या महाजालावर विनामूल्य आहेत, त्यांत शास्त्रीय नाव, कुल आणि लाकडाचे गुणधर्म थोडक्यात मिळतात, आणि त्यांची भाषा घडवलेली असल्यामुळे मराठीत झाडांविषयी अचूक कसे लिहावे याचाही तो एक धडाच आहे.

इथे एका गोष्टीवर जरा रेंगाळतो, कारण तिच्यामुळे माझे अनेक विद्यार्थी फसले. मराठी नावे गोड असली तरी एकच नाव अनेक झाडांना चिकटलेले असते. आपल्या कुंपणालगतचा ‘अशोक’ म्हणजे सीतेचा अशोक नव्हे. ती दोन वेगवेगळ्या कुळांतली झाडे आहेत. चिंच, गोरखचिंच आणि विलायती चिंच यांपैकी गोरखचिंच तर शेवरीच्या कुळातली आहे. पर्जन्यवृक्षाला कित्येक जण विलायती शिरीष म्हणतात आणि मग पुस्तकात शिरीषाविषयी लिहिलेले त्याला लावू पाहतात. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पाने घरी येतात हे तर सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे वहीत मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

इंग्रजीत के. सी. साहनी यांचे ‘द बुक ऑफ इंडियन ट्रीज’ हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी १९९८ मध्ये निघालेले पुस्तक सुटसुटीत आहे. परंतु पाने हातात घेऊन झाड ओळखण्याची शिस्त लावायची असेल, तर प्रदीप कृष्ण यांची दोन पुस्तके मी त्याच्याही वर ठेवतो. ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ २००६ साली आले आणि त्यानंतर काही वर्षांनी मध्य भारतातील रानवृक्षांवरचे त्यांचे दुसरे पुस्तक आले. मोह, तेंदू, पळस, अर्जुन अशी आपल्या ओळखीची कितीतरी झाडे त्या दुसऱ्या पुस्तकात भेटतात. पान साधे की संयुक्त, समोरासमोर की एकाआड एक, कडा सरळ की दातेरी, अशा पायऱ्यांनी ते आपल्याला नावापर्यंत नेतात, आणि त्या पायऱ्या चढताना जे निरीक्षण होते ते नुसती छायाचित्रे पाहून कधीच होत नाही.

मुळाशी जायची इच्छा झाली तर थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आहे. कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांचा हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि १९५८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने तो पुन्हा छापला. त्यातील शास्त्रीय नावे आता बदलली आहेत. पळस तिथे ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ आहे, तर गुलमोहर ‘पॉइन्सियाना रेजिया’. तरीही त्यातली वर्णने इतकी काटेकोर आहेत, की शंभर वर्षांनंतरही एखादे अडलेले झाड मी शेवटी तिथेच सोडवतो. सुरुवातीला मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. उगीच दडपण येते.

करवंद, पुणे

मी अठरा वर्षे झाडांवर चढून छाटणीचे काम करतो आणि पहिली सहा वर्षे मीदेखील फांद्या खोडालगत सपाटच कापत होतो, कारण मला ज्यांनी शिकवले त्यांना तसेच शिकवले गेले होते. त्यामुळे आपल्या पर्जन्यवृक्षाची हकिगत वाचून मन खिन्न झाले. अशा जखमा मी स्वतः किती झाडांना केल्या असतील, हे आठवले.

माझी दृष्टी एका माणसाच्या लेखनाने बदलली. अ‍ॅलेक्स शायगो हे अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ. त्यांच्या आधी लाकडाचा अभ्यास मुख्यतः आडव्या कापांवर होत असे. त्यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून आतली कूज कशी पसरते आणि कुठे थांबते हे पाहिले. ‘अ न्यू ट्री बायोलॉजी’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ १९८६ चा, आणि ‘मॉडर्न आर्बोरिकल्चर’ १९९१ चे. पहिला ग्रंथ जाड आहे, थोडा विस्कळीतही आहे, आणि शायगो एकच मुद्दा दहा ठिकाणी सांगतात. तरीही मला विचाराल तर एकच पुस्तक घ्यायचे असल्यास हेच घ्यावे.

त्यांचे मुख्य म्हणणे असे, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. खराब झालेले लाकूड झाड दुरुस्त करत नाही. ते त्याला आत कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड चढवते. या कोंडण्याच्या त्यांनी चार भिंती कल्पिल्या. खोडात वर-खाली जाणारी कूज अडवणारी भिंत सर्वांत दुबळी, गाभ्याकडे जाणारी कूज अडवणारी तिच्याहून बरी, आडवी पसरणारी कूज थोपवणारी त्याहून चांगली, आणि जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाच्या सीमेवरची चौथी भिंत सर्वांत भक्कम. म्हणूनच आतून पोकळ झालेला वड किंवा चिंच पिढ्यान्‌पिढ्या हिरवीगार उभी असते.

आता फांदी कुठे कापावी हे आपल्या आंब्यावरच पाहा. फांदी जिथे खोडातून निघते तिथे बुडाशी बांगडीसारखा एक फुगवटा दिसेल, आणि वरच्या बाजूला फांदी व खोड यांच्या बेचक्यात साल उचलून आल्यासारखी खडबडीत रेघ दिसेल. तो फुगवटा खोडाचा भाग आहे, फांदीचा नव्हे, आणि कुजीला अडवणारी संरक्षक जागा त्याच्या आतच असते. काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यावा. फुगवटा कापला तर झाडाचे दारच उघडे पडते. उलट लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि त्यावरून साल चढू शकत नाही. जड फांदी असेल तर आधी थोडी पुढे खालून एक खाच घ्यावी, मग तिच्या किंचित पुढे वरून कापून वजन उतरवावे आणि शेवटी उरलेला खुंट योग्य जागी काढावा. नाहीतर फांदी पडताना सालीची लांब पट्टी खोडावरून सोलत खाली येते.

डांबर, तैलरंग यांनी कूज थांबत नाही, हे शायगोंनी प्रयोगांनी दाखवले. फळबागेत बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुना यांचा लेप) लावण्याची आपल्याकडे शिफारस असते आणि विशिष्ट बुरशीजन्य रोगांपुरता तिचा उपयोग मी नाकारत नाही, परंतु चुकीच्या जागी घेतलेला काप कोणत्याही लेपाने बरोबर होत नाही.

ढोलीविषयी क्लाउस मॅटेक यांचे ‘द बॉडी लँग्वेज ऑफ ट्रीज’ वाचावे. हे जर्मन संशोधक झाडाकडे यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहतात. जिथे ताण अधिक तिथे झाड अधिक लाकूड चढवते, म्हणून खोडावरचा फुगीर भाग, उभी वरवंडी, भेग ही सर्व आतल्या स्थितीची लक्षणे ठरतात. पोकळ खोडात उरलेल्या निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांशापेक्षा कमी झाली की मोडण्याचा धोका वाढतो, असा त्यांचा ठोकताळा आहे. त्यावर पुढे वाद झाले आणि पोकळीला तोंड असेल तर तो जसाच्या तसा लावता येत नाही. पण ‘पोकळ म्हणजे धोकादायक’ या समजुतीला त्याने चांगला धक्का दिला.

इंग्रजी पुस्तके इथे लागू पडतात का, याचे उत्तर असे, की लाकूड, साल आणि फुगवटा यांविषयीचे जवळजवळ सर्व लागू पडते, दिनदर्शिका मात्र लागू पडत नाही. त्यांची ‘हिवाळ्यातील सुप्तावस्था’ आपल्याकडे नाही. पर्जन्यवृक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने बदलतो, आंबा वर्षभर हिरवा असतो, पांगारा निष्पर्ण असताना फुलतो. प्रत्येकाची विश्रांती वेगळी, आणि ती पुस्तकातून नव्हे तर झाडाकडूनच शिकावी लागते. सर्वंकष पाठ्यपुस्तक हवे असल्यास हॅरिस, क्लार्क आणि मॅथेनी यांचे ‘आर्बोरिकल्चर’ आहे. ते महाग आहे, त्यामुळे कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करावी.

मोगरा, ठाणे

आपणा दोघांचे मनापासून आभार. करवंद यांचे उत्तर वाचून मी लगेच खाली जाऊन पर्जन्यवृक्षाजवळ उभी राहिले. त्या मोठ्या जखमेच्या डाव्या-उजव्या बाजूंना सालीचे जाड ओठ वळून आलेले आहेत, पण वर आणि खाली काहीच नाही. त्यामुळे जखम उभ्या डोळ्यासारखी दिसते आणि बुरशी नेमकी तिच्या खालच्या टोकाला आहे. त्याच झाडाची मागच्या बाजूची एक मनगटाएवढी फांदी कुणीतरी थोडी बाहेर कापली होती, तिथे मात्र चारी बाजूंनी गोल कडे आले आहे आणि मधे जेमतेम रुपयाएवढे लाकूड उघडे आहे. इतकी वर्षे मी या दोन्ही जागांवरून रोज जात होते.

एक शंका आहे. उरलेले डांबर खरवडून काढावे का? आणि सिमेंटचे काय?

करवंद, पुणे

आपण जे पाहिले तेच शायगोंनी छायाचित्रांसह दाखवले आहे. पूर्ण कडे म्हणजे योग्य काप. दोन बाजूंचे ओठ म्हणजे फुगवटा कापला गेला.

डांबर आपोआप सुटेल तेवढे सुटू द्यावे, खरवडू नये. त्या भरात नव्या सालीचे ओठ दुखावले तर पुन्हा नवी जखम होईल. सिमेंट अजिबात भरू नये. वाऱ्यात खोड हलते, सिमेंट हलत नाही, आणि दोघांच्या मधल्या फटीत ओल साचून राहते. पोकळीतले पाणी काढण्यासाठी खालून भोक पाडावे असेही कुणी सुचवील. त्यालाही नकार द्यावा, कारण ते भोक झाडाने उभारलेली भिंत फोडून निरोगी लाकडात कुजीला वाट करून देते.

हेदू, नाशिक

मी उद्यानरचनेच्या क्षेत्रात काम करतो. वरील चर्चा खोड आणि फांद्यांभोवती फिरली, ते स्वाभाविकच आहे, पण शहरातील झाडांचे हाल बहुधा जमिनीखाली सुरू होतात. त्यासाठी जेम्स अर्बन यांचे ‘अप बाय रूट्स’ हे २००८ चे पुस्तक पाहावे. अन्नपाणी शोषणाऱ्या मुळ्या खोल जात नाहीत; त्यांतील बहुतेक मातीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि पानांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरलेल्या असतात. त्यामुळे बुंध्यापर्यंत फरशी टाकली, गाड्या लावून माती दडपली किंवा जलवाहिनीसाठी चर खोदला, की दोन-चार वर्षांनी शेंडा वाळू लागतो आणि तोवर कारण सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मोगराताई, आपल्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याशी फरशी असेल तर ती काढून तिथे पालापाचोळ्याचा थर द्यावा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये.

दुसरे वाचन पुस्तकाचे नाही, कायद्याचे आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात असायला हवा. ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाडाला इजा पोहोचवणेही येते, त्यामुळे झाड काढायचे असो की मोठी छाटणी असो, आधी वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. आपला आंबा आणि दोन्ही वावळ इमारतींपूर्वीचे आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांच्या वयाचा काही पुरावा, जुनी छायाचित्रे किंवा शेताच्या मूळ मालकांचे सांगणे, आताच नोंदवून ठेवावे.

शेवरी, सातारा

हेदू यांच्या सूचनेला एक पुस्ती. आंब्याचे वय खोडातील वलये मोजून सांगतो असे कुणी म्हटल्यास विश्वास ठेवू नये. सागात वर्षवलये स्पष्ट असतात, आंब्यात ती तशी भरवशाची नसतात. त्याऐवजी जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर दरवर्षी एकाच महिन्यात मोजून लिहावा. ४४ झाडांना एका रविवारची सकाळ पुरेल, आणि त्याच वेळी आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडला आहे का हेही वाकून पाहावे, कारण भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आत शिरल्याची ती पहिली खूण असते.